घरट्याभोवती ओढलेला गोल

अंदमानला जायचं ठरलं ते पवनीतल्या आमच्या शाळेच्या व्हरांड्यात, डब्याच्या सुट्टीत. मी भूगोल शिकवतो. त्या दिवशी आठवीच्या मुलांना दाखवायला म्हणून समुद्री कासवांचा एक व्हिडिओ मोबाईलवर उतरवून ठेवला होता. वाळूतून वळवळत वर येणारी पिल्लं आणि मग त्यांची पाण्याकडे लागलेली रांग. हिरामणभाऊ नातीच्या दाखल्यासाठी शाळेत आले होते. त्यांनी तो व्हिडिओ तीनदा पाहिला आणि विचारलं, "गुरुजी, हे सगळे जगतेत का जी?"

मी खरं ते सांगितलं. बरीचशी मरतात, काही पोचतात.

"पोचतेत ना पन," ते म्हणाले. "मले एकदा पोचताना पाह्याचे हायेत."

हिरामणभाऊ आसगावचे. घरचं थोडं धान, आणि बाकी सगळं आयुष्य जंगलात. आमच्याकडच्या वाघांच्या जंगलात अठ्ठावीस वर्षं ते रोजंदारीवर वाटाड्याचं आणि पहाऱ्याचं काम करत होते. पाऊल पाहून वाघ की वाघीण, आजचं की कालचं, चालताना घाईत होती की निवांत, हे ते सांगत. बाहेरून येणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याला ते 'सर' म्हणत आणि त्यांच्याशी कामापुरतंच बोलत. मला मात्र पहिल्यापासून 'गुरुजी' म्हणायचे आणि तासन् तास बोलायचे. रविवारी त्यांच्यासोबत तलावाच्या पाळीनं, बांधावरून, हिंडणं ही माझी खरी शाळा होती. मला जे काही प्राणी-पक्षी कळतात ते त्यांच्यामुळे.

आमच्याकडे एक पद्धत आहे. वाघाचं पाऊल दिसलं की त्याभोवती काठीनं गोल ओढायचा, कडेनं काटक्या रोवायच्या, जवळच्या फांदीला चिंधी बांधायची. गाडीखाली जाऊ नये, ढोरांनी तुडवू नये आणि मागून मोजमापाला येणाऱ्याला लांबूनच दिसावं म्हणून. हिरामणभाऊंचा गोल सगळे ओळखायचे. इतका गोल की आमच्या शाळेतल्या मुलांना परकारानंही जमत नाही.

तीन वर्षांपूर्वी एक वाघीण रानडुकरांसाठी सोडलेल्या करंटच्या तारेला लागून मेली. तिला तीन पिल्लं होती. सगळ्यांनी जीव तोडून शोधलं. हिरामणभाऊ तर पाच दिवस घरी गेले नाहीत. जिथं जिथं पिल्लांची पावलं दिसली तिथं तिथं ते गोल ओढत गेले. सहाव्या दिवशी नाल्यात दोन मेलेली सापडली. तिसरं सापडलंच नाही. त्यानंतर त्यांनी काम सोडलं आणि काठी घराच्या मागच्या पडवीत टेकवून ठेवली ती ठेवलीच. आमचे रविवारही बंद झाले. त्यांच्या पत्नी कौशल्यावहिनी मला एकदा म्हणाल्या, "तेइले कुठं नेत असाल त न्या जी. दिवसभर नुसते भिताडाकडं पाहून राह्यतेत."

म्हणून, ते व्हरांड्यात उभे राहून 'पाह्याचे हायेत' म्हणाले तेव्हा मी त्याच संध्याकाळी कागद-पेन घेऊन बसलो.

आता जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी थोडं कामाचं. मी नियोजनाचा किडा आहे. बायको म्हणते, अति शहाणा त्याचा बैल रिकामा, आणि या खेपेला तिचं म्हणणं मी खोडून काढू शकत नाही. अंदमानात कासवं साधारण डिसेंबरपासून अंडी घालायला येतात. पिल्लं बाहेर पडायला पुढे दीड-दोन महिने लागतात. दोन्ही पाहायचं असेल तर फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा बरा. आम्हालाही तोच सोयीचा होता. धान चुरून, म्हणजे मळून, घरात आलेलं असतं, वार्षिक परीक्षा लांब असते. विमानाचं तिकीट दिवाळीच्या आधी काढा, नंतर भाव डोक्यावरून जातो. आम्ही उशीर केला आणि एका माणसाच्या भाड्यात दोघं गेलो असतो एवढं भाडं एकेकाचं भरलं. रोख पैसे जवळ ठेवा, उत्तरेकडे फोन चालेलच असं नाही. वाळूतल्या बारीक माश्या फार चावतात, खोबरेल तेल न्या. किनाऱ्यावरच्या कासव-कॅम्पवर राहायची परवानगी आधी पत्र लिहून घ्यावी लागते. मी चार पत्रं लिहिली, चौथ्याला होकार आला.

त्या किनाऱ्याचं नाव मी लिहिणार नाही. कॅम्पचं नावही नाही. का, ते पुढे कळेलच.

निघायच्या दिवशी वहिनींनी लाखोळीच्या डाळीचे वडे, अंबाडीची चटणी आणि पोह्यांचा चिवडा असं आठ दिवसांचं सामान बांधून दिलं. हिरामणभाऊंच्या खांद्यावर नेहमीचा लाल दुपट्टा होता आणि हातात काठी. तीन वर्षांनी ती पडवीतून बाहेर आली होती. पवनीहून सकाळची एसटी, भिवापूर, उमरेड, दोन-अडीच तासांत नागपूर. विमानतळावर काठी नेऊ देईनात. आम्हाला पोचवायला आलेल्या माझ्या मावसभावाकडे ती ठेवावी लागली. "सांभाळजा बरं," असं त्याला दोनदा बजावून हिरामणभाऊ आत आले आणि कोलकात्यापर्यंत मोकळ्या हातांचं काय करावं हे त्यांना कळत नव्हतं.

पोर्ट ब्लेअरचं नाव आता श्री विजयपुरम आहे, पण रिक्षावाले दोन्ही म्हणतात. तिथं एक मुक्काम केला. जेवण म्हणाल तर मासे-भात सगळीकडे मिळतो आणि स्वस्त मिळतो. हिरामणभाऊंनी भाताचं शीत बोटात चुरून पाहिलं आणि "जुनं हाये" असा निकाल दिला. दुसऱ्या दिवशी पहाटे सरकारी बस. दिगलीपूरपर्यंत जवळजवळ पूर्ण दिवस जातो. मध्ये आदिवासींच्या राखीव जंगलातून रस्ता आहे, तिथं गाड्या ताफ्यानं सोडतात, थांबायचं नाही, फोटो काढायचे नाहीत. मग एक खाडी येते, तिथं बसच बोटीवर चढते. माझी पाठ मोडून निघाली. हिरामणभाऊ खिडकीतून झाडं पाहत होते आणि एकही ओळखीचं दिसत नाही म्हणून जरा रुसल्यासारखे होते. दिगलीपूरजवळ धानाच्या कापलेल्या बांध्या, म्हणजे खाचरं, दिसली तेव्हा ते पहिल्यांदा हसले. म्हणाले, "हे आपल्यावानीच हाये."

तिथून जीपनं पुढे. कॅम्पवर पोचलो तेव्हा सूर्य बुडायला आला होता. चार झोपड्या, एक स्वयंपाकघर, आणि जाळीनं बंद केलेलं अंगण. त्या अंगणात वाळूत पुरलेल्या अंड्यांच्या जागा होत्या, प्रत्येकीवर पिल्लं निघायच्या तारखेची पाटी. किनाऱ्यावर सापडलेली अंडी उचलून इथं आणून पुरतात. आमची जबाबदारी पौलुस नावाच्या माणसावर होती. पन्नाशीचा, बारीक, बोलायला मऊ. त्याचे आजोबा रांचीकडून या बेटांवर मजुरीला आले होते. तोही रोजंदारीवरच. हे कळताच हिरामणभाऊंनी वड्यांचा डबा त्याच्यापुढे सरकवला आणि दोघं हिंदीत जे सुरू झाले ते जेवणापर्यंत. पौलुसनं सांगितलं की एका जागेतली पिल्लं चार-पाच दिवसांत वर येतील. हिरामणभाऊंनी तारखेची ती पाटी हातानं पुसून वाचली.

तेवढ्यात ऑफिसातून एक छापील कागद आला. इंग्रजीत नऊ नियम, खाली दोघांच्या सह्या हव्या. हिरामणभाऊंना इंग्रजी येत नाही. मी म्हटलं, वाचून सांगतो. बॅटरी लावायची नाही, कासवासमोर जायचं नाही, हे सांगितलं. तिसऱ्या नियमालाच ते जरा फुरंगटले. "गुरुजी, आता मले जंगलाचे कायदे शिकवतेत का हे लोक?" असं म्हणाले. रागानं नाही, पण मला ते लागलं. तीन वर्षांनी माणूस जरा फुलला होता. मी उरलेले नियम मनात वाचले आणि म्हटलं, बाकी काही नाही, तेच ते. सही केली, त्यांनीही केली.

सहावा नियम असा होता: अंड्यांच्या जागेवर कोणतीही खूण करू नये, कासवाचा माग दिसल्यास पुसून टाकावा आणि कॅम्पला कळवावं.

मी तो वाचला होता. हे मी इथंच लिहून ठेवतो, म्हणजे पुढे सारवासारव करायचा मोह होणार नाही.

पहिल्या रात्री पौलुस आणि त्याचे सोबती गस्तीला गेले. कॅम्पचा नियम असा की नवीन पाहुण्यांना पहिल्या रात्री नेत नाहीत. सकाळी आम्ही उठलो तेव्हा ते झोपायला चालले होते. काही सापडलं नव्हतं. पौलुसनं सांगितलं, नाल्यापर्यंत फिरून या, पलीकडे जाल तर पाणी चढायच्या आत परत या, त्यात मगर असते. नाल्याच्या काठावर तशी पाटीही आहे. समुद्राला जोडलेले हे नाले भरतीला भरतात आणि ओहोटीला घोट्याएवढे होतात.

हिरामणभाऊंनी किनाऱ्यावर वाहून आलेली एक सरळ काठी उचलली. ती हातात आल्यावर त्यांची चाल बदलली, हे मला मागून दिसलं. नाला घोट्याएवढाच होता. आम्ही पलीकडे गेलो. खडकांचं एक टोक ओलांडलं की पुढे लांब, रिकामा किनारा. तिथं पन्नास पावलांवर ते थांबले आणि त्यांनी मला हातानं मागे धरलं, वाघाच्या वाटेवर धरायचे तसं.

वाळूत रुंद पट्टा वर गेला होता आणि दुसरा खाली आला होता. हिरामणभाऊंनी आयुष्यात कासवाचा माग पाहिला नव्हता. तरी दहा मिनिटांत त्यांनी मला सगळं वाचून दाखवलं. ही इथून चढली, इथं दमून थांबली, इथं वळली, पुढच्या पायानं वाळू अशी मागे उडवली. जाऊन तासभरही झाला नसेल, कडा अजून ओल्या आहेत. मग ते गुडघ्यांवर बसले, दोन्ही तळवे वाळूवर ठेवले आणि म्हणाले, "इथंच हाये. खाली." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते हसत होते. तीन वर्षांत मी त्यांना असं पाहिलं नव्हतं.

मग ते उठले आणि काठीनं गोल ओढायला लागले.

मला सहावा नियम आठवला. अगदी शब्दन् शब्द आठवला. 'भाऊ, थांबा' एवढं म्हणायला मी तोंड उघडलंही होतं. त्यांनी वर पाहिलं आणि म्हणाले, "गुरुजी, हे नाही हरवत आता." मी तोंड मिटलं. मनाशी म्हटलं, तासाभरात पौलुसला घेऊन येऊच, एवढ्यात काय होतंय. त्यांनी झाडीतून काटक्या आणून गोलाच्या कडेनं रोवल्या. एका उंच फांदीला लाल दुपट्ट्याची फाडलेली पट्टी बांधली. मी फोटो काढला. फोटोत ते काठीवर दोन्ही हात ठेवून उभे आहेत आणि मागे समुद्र आहे.

परत आलो तेव्हा नाल्याला गुडघ्याएवढं पाणी झालं होतं. घाईनं ओलांडला, कॅम्प गाठला, पौलुसला उठवलं. तो तसाच पिशवी आणि बादली घेऊन निघाला. पण आम्ही नाल्याशी पोचेपर्यंत पाणी कमरेच्या वर गेलं होतं. कॅम्पची होडी दुरुस्तीला गेलेली. पौलुस म्हणाला, आता दुपारपर्यंत थांबायचं, आणि बसता बसता त्यानं सहज विचारलं की माग पुसला ना.

"पुसेंगे काहे को?" हिरामणभाऊ म्हणाले. "पक्का निशान लगाया हूँ. लाल कपडा बांधा. दूर से दिखता है."

पौलुसनं हातातली बादली खाली ठेवली. मग हळू आवाजात म्हणाला, "दादा, यहाँ निशान नहीं लगाते. निशान देखके ही तो लोग अंडा निकाल ले जाते हैं."

हिरामणभाऊंना पटकन समजलं नाही. त्यांच्या आयुष्यात खूण ही राखण्यासाठीच होती. पौलुसनं समजावून सांगितलं, रागावला नाही. म्हणाला, कागदावर लिहिलंय, सगळ्यांना देतो. हिरामणभाऊ माझ्याकडे वळले. "गुरुजी, त्या कागदावर होतं का जी?"

मी म्हणालो, "माझं वाचायचं राहून गेलं, भाऊ. थकलो होतो."

"हं," ते म्हणाले. "तुमचा काय दोष जी. दिवसभर बसमंदी बसून आलते." आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. तो हात मी काढूनही टाकू शकलो नाही.

दहाच्या सुमाराला खडकांच्या पलीकडून इंजिनाचा आवाज आला. छोट्या बोटीचा असतो तसा. आला, बंद झाला. पौलुस उभा राहिला. हिरामणभाऊ पाण्यात शिरले आणि आम्ही दोघांनी त्यांना धरून मागे ओढलं. त्यांना ओढताना कळलं की त्यांच्या अंगात अजून किती ताकद आहे. ते ओरडले नाहीत. नुसते पुढे जात होते. थोड्या वेळानं इंजिन पुन्हा सुरू झालं आणि लांब गेलं. आमच्या बाजूनं खडकांपलीकडचं काही दिसत नव्हतं. त्यानंतर पाणी उतरायला जो वेळ लागला त्याचं वर्णन मला करता येणार नाही. पौलुस जाळं दुरुस्त करावं तसं हातातल्या पिशवीची शिवण उगाच चाचपत होता. मी मनातल्या मनात ते वाक्य म्हणत होतो, मी वाचलं होतं, मी वाचलं होतं. तोंडातून आलं नाही.

दुपारी पलीकडे गेलो. जागेवर खड्डा होता, हातभर खोल. एक अंडं फुटलेलं, त्याला मुंग्या लागलेल्या. बाकी काही नाही. काटक्या बाजूला नीट काढून ठेवल्या होत्या. लाल पट्टी वाऱ्यावर तशीच हलत होती. ते लोक कोण, कुठले, काही कळलं नाही, आणि मी अंदाजानं कुणाचं नाव घेणार नाही.

हिरामणभाऊंनी माग वाचला. त्यांना कुणी वाच म्हटलं नव्हतं. दोन माणसं, एक अनवाणी, एक चपलेतला. बोट इथं टेकली. मग हिरामणभाऊ स्वतः पाण्यापासून खड्ड्यापर्यंत चालत गेले आणि परत आले, आणि पुन्हा चालत गेले. शेवटी माझ्यापाशी येऊन म्हणाले, "गुरुजी, सरळ आलेत. इकडं तिकडं पाह्यलंच नाही त्याइनं." आणि खाली बोट दाखवून म्हणाले, "कासवीचा माग बी नाही उरला. भरतीनं पुसून टाकला होता. समुद्रानं त लपवलं होतं जी."

पौलुसनं ती पट्टी सोडून त्यांच्या हातात दिली. त्यांनी घेतली नाही. ती मी खिशात घातली.

तिसऱ्या दिवशी ते झोपडीबाहेर आले नाहीत. मी गस्तीला गेलो, एक कासवी दिसली, अंडी घालताना. मला ते वर्णन करून सांगायची लाज वाटते. चौथ्या दिवशी, दिवस कलता, पाटीवरच्या तारखेच्या एक दिवस आधीच, जाळीतल्या त्या जागेवरची वाळू खचली आणि पिल्लं वर आली. पौलुस धावत हिरामणभाऊंना बोलवायला गेला. मीही गेलो. यासाठीच आम्ही बाराशे मैलांच्या वर आलो होतो.

ते आले, पण किनाऱ्यावर उतरले नाहीत. वर, झाडीच्या कडेला, हात पाठीमागे बांधून उभे राहिले. पौलुसनं पिल्लं भरून आणलेली टोपली वाळूवर आडवी केली. पिल्लं एकेक करत निघाली. तळहाताहून लहान, काळीभोर, आणि प्रत्येकाला दिशा बरोबर माहीत. मी मागे वळून खुणावलं, या. त्यांनी मान हलवली. पौलुस वर जाऊन त्यांना हाताला धरून आणायला लागला तेव्हा ते म्हणाले, "मेरा पाँव नको लगने दो उधर." पहिल्या लाटेनं काही पिल्लं उलटी पडली, पुन्हा चालायला लागली. शेवटचं पिल्लू पाण्यात जाईपर्यंत मी पाहिलं. पाहिलं म्हणजे मान तिकडे होती. माझं सगळं लक्ष मागे होतं. ते तेव्हा समुद्राकडे पाहत नव्हते, स्वतःच्या पायांजवळची वाळू पाहत होते.

परतीचा प्रवास तोच, उलटा. वड्यांचा अर्धा डबा परत आला. नागपूरला मावसभावानं काठी आणून दिली. हिरामणभाऊंनी ती घेतली आणि एसटीत वरच्या फळीवर टाकली. पवनीच्या स्टँडवर उतरताना काठी तशीच राहिली. मी मागून हाक मारणार होतो, पण त्यांनी वळून त्या फळीकडे पाहिलं होतं, हे मला दिसलं. ती गाडी पुढे निघून गेली.

घरी आल्यावर मी हा लेख लिहायला घेतला. दोन महिने तो पूर्ण होईना. पहिल्या दोन मसुद्यांत मी 'कागद वाचायचा राहून गेला' असंच लिहिलं होतं. तेच वाक्य तिसऱ्यांदा लिहिताना उठलो आणि मोटरसायकल काढून आसगावला गेलो.

ते अंगणात सुंभ वळत बसले होते. वहिनींनी चहा ठेवला. गावात कालच चर्चा होती, तलावाच्या पाळीवर वाघाचं पाऊल उमटलं होतं. पहाऱ्यावरच्या नव्या पोरांनी हिरामणभाऊंना बोलावलं, ते गेले, पाहिलं, वाघीण आहे एवढं सांगितलं आणि परत आले. गोल ओढला नाही. दुपारपर्यंत म्हशींनी ते तुडवून टाकलं. हे सगळं वहिनी सांगत होत्या आणि भाऊ सुंभ वळत होते. त्या आत गेल्यावर मी सांगितलं. कागद मी पूर्ण वाचला होता. सहावा नियम वाचला होता. तुम्ही गोल ओढत होता तेव्हा मला तो आठवला होता. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही, आणि नंतर नाल्यावर खोटं बोललो.

त्यांचा हात थांबला. त्यांनी विचारलं, "फोटू काढला तुमी, तवा बी याद होतं?"

"हो."

"मी मानलो असतो जी," ते म्हणाले. "दुसऱ्याचं नसतो मानलो. तुमचं मानलो असतो."

मग त्यांनी सुंभ गुंडाळून ठेवलं आणि ढोरांना पाणी दाखवायला गेले. चहा झाला, मी एकट्यानं प्यायलो. वहिनींना काही कळलं नाही.

जाणाऱ्यांसाठी एवढंच. अंदमान सुंदर आहे, जरूर जा. किनाऱ्यावर नियमांचा कागद देतात. सोबत जो असेल त्याला तो सगळा वाचून दाखवा, त्याच्या भाषेत, नऊच्या नऊ. तो तुमच्यापेक्षा शहाणा असला तरी. तुमच्या गुरूच्या जागी असला तर नक्कीच. फोटो मी या लेखाला जोडलेले नाहीत. एक आहे, तो कुणाला दाखवायचा नाही. लाल पट्टी माझ्या कपाटात आहे. परत द्यायला मी ती दोनदा आसगावला नेली आणि दोनदा परत आणली.

परवा पवनीच्या बाजारात हिरामणभाऊ भेटले. भाजीची पिशवी होती हातात. मी थांबलो. तेही थांबले, तोंडभर नाही पण हसले. माझी, बायकोची, मुलाच्या परीक्षेची चौकशी केली, सगळं रीतसर. मग पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि म्हणाले, "येतो मंग, सर."